मोटारीचं धुरांडं

८ जानेवारी १९३५

ही डायरी यांनी मुंबईहून येताना आणली. टायरवाले गिऱ्हाइकांना फुकट देतात म्हणे. प्रत्येक पानावर तारीख छापलेली आणि खाली टायरचं चित्र. मला म्हणाले, "उठलीस खरी, पण काम झेपायचा नाय अजून. लिवत बस काय तरी." हर्ण्याच्या शाळेत माझा पहिला नंबर असायचा हे यांना अजून आठवतं, याचं बरं वाटलं.

मार्गशीर्षभर हिवतापाने लोळवलं. कोयनेल खाऊन खाऊन जिभेचं चामडं झालं. आता ताप गेला, अंगात थोडं बळ आलं. मात्र या वर्षी रातकिडे फार माजलेत. भर दुपारीसुद्धा किर्र करतात. सासूबाईंना तसं म्हटलं तर माझ्याकडे बघतच राहिल्या.

आज एक झालं ते लिहून ठेवते. आमची सर्व्हिस मोटार सकाळी रत्नागिरीहून सावर्ड्याला जाते आणि दिवेलागणीच्या आत परत येते. जुनी लॉरीच आहे, यांनी तिला बाकं बसवली. ती कुवारबावच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर आली की मला घरात कळतं. दुसऱ्या मोटारी घुरघुरतात, आमची खोकते. दोनदा खोकते आणि मग दम घेते. तो खोकला कानावर पडला की मी चहाचं आधण ठेवते आणि दारात येऊन उभी राहते. हे मला बघतात, नुसती मान हलवतात, आणि मगच मोटार बंद करतात. तापाचे दिवस सोडले तर मोटार घेतल्यापासून यात खंड पडलेला नाही. मुळात हे हळू बोलणारे आणि कमी बोलणारे. आमच्यात जे काही आहे ते त्या मान हलवण्यात आहे.

आज मी तांदूळ निवडत होते, तर खांद्यावर हात. केवढ्याने दचकले! सूप उपडं झालं. "चोरासारके काय येता?" म्हटलं, तर काहीतरी पुटपुटले आणि विहिरीवर गेले. मोटार दारापुढच्या खळ्यात उभी होती. कधी आली, काही कळलं नाही. यांनी तिचा खोकला बरा केलेला दिसतो. केला तर केला, पण मला सांगायचं नाही?

१४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाला आळीतल्या बायका आल्या. सगळ्या कुजबुजत होत्या. मी जवळ गेले की तोंडं हलायची, पण शब्द म्हणून नाही. एकटी शेजारची गोदूबाई तेवढी खणखणीत बोलते, तिच्या पोटात काही राहत नाही. बाकीच्यांचा विषय काय असणार हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मांडीवर मूल नाही. दुसरी कधी आणतात एवढंच बघायचं राहिलंय सगळ्यांचं.

संध्याकाळी मोटार पुन्हा मुक्यानेच आली. मी चुलीपाशी, आणि दारात शेपूट हलवत उभा कोण, तर भुऱ्या! यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आजवर मी पुढे आणि कुत्रा मागे असायचा. आज कुत्र्याने माझी जागा घेतली. हसण्यासारखं आहे, पण मला हसू आलं नाही.

२३ जानेवारी

सासूबाई हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. आज मात्र समोर बसून स्पष्ट म्हणाल्या, "माज्या भावाची चिमा हाय ना सावर्ड्याची, तिला आणतंय थोडे दिवस. तू तापातून उठलीस. तुला हाताखाली व्हईल."

हाताखाली! सवत आणायची तर असंच बोलून आणतात. मामाची मुलगी म्हणजे हक्काची. वरण करपलं.

३० जानेवारी

चिमा आली. यांच्याच मोटारीतून, यांच्या शेजारच्या जागेवर बसून. पोर दिसायला वाईट नाही, तेच वाईट. उंच आहे, दात पांढरे आहेत, केस एवढे की वेणी धरायला दुसरं माणूस लागेल. यांना 'दादा' म्हणते. तो तर लबाडीचा भाग झाला. आधी दादा म्हणायचं, सगळ्यांना गाफील ठेवायचं.

मला 'वयनी' म्हणते. समोर येऊन, तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करून बोलते. जशी काही मी दूध पिणारी पोर आहे.

१० फेब्रुवारी

या मुलीची एक सवय मला सहन होत नाही. सारखी कोपराला हात लावते. मी शेगडीपाशी असो, नाहीतर पाट्यावर वाटत असो, आली की कोपराला हात. आज रागावून विचारलं, "काय गो, तुला तोंड नाय?" ती बाजूला झाली आणि मागे सासूबाई उभ्या, कमरेवर हात ठेवून. म्हणाल्या, "कवाधरना हाका मारतंय!" मला काही हाक आली नाही. दोघींनी मिळून मला खोटं पाडायचं ठरवलेलं दिसतं.

दुधाचंही तसंच. मी तिथेच पाठमोरी भाजी चिरत होते. एवढं भांडंभर दूध उतू जाऊन निखारे विझले, आणि विझताना आवाज म्हणून नाही. चिमा बाहेरून धावत आली आणि फडक्याने सगळं पुसून मोकळी झाली. सासूबाईंना म्हणाली, "माज्या हातून गेला." एवढं गोड वागायचं कारण? घरात पाय रोवायचे आहेत, दुसरं काय.

१७ फेब्रुवारी

आज सगळा उलगडा झाला.

सकाळपासून खळ्यात पसारा. आगबोटीतून हवेचं लोखंडी नळकांडं आलंय, माणसाएवढं. दुसरं एक पिंप आहे, त्यात पाणी घालून कार्बाइडचे खडे सोडले की गॅस होतो. सडक्या लसणीसारखी घाण सुटते. मुंबईत मोटारीच्या कारखान्यात होते तेव्हा हे झाळकाम शिकले. दोन्ही नळ्या एका तोंडाशी आणून पेटवल्या की निळी जीभ निघते आणि तिने लोखंड वितळतं, मग कापा नाहीतर जोडा. काळा चष्मा लावून हे मोटारीखाली पाठीवर आडवे पडले होते. पाय तेवढे बाहेर.

मोटारीच्या पोटाखाली एक डबा असतो. त्यातून मागे धुरांडं जातं. तो डबा कापून खाली पाडला. मी महिपतला विचारलं, हे काय? महिपत आमचा क्लीनर. त्याने बंदरावरून हाक मारली तर मिऱ्या डोंगरावर ऐकू जाईल असा गळा आहे. म्हणाला, "वयनी, ह्यो सायलेन्सर. इंजनाचा आवाज गिळतो."

"मग कापलात कशाला?"

तो यांच्या पायांकडे बघून अडखळला. "आवाजाचाच काम हाय," एवढं बोलला आणि पिंपाकडे गेला.

आवाजाचंच काम! म्हणजे आधीच मुकी केलेली मोटार यांना आणखी मुकी करायची आहे. जुना डबा पुरत नाही, आता मोठा बसवणार. ज्याला कुणाच्या नकळत यायचं-जायचं असतं, त्यालाच असली मोटार लागते. परवा भर दुपारी मी परसात कपडे वाळत घालून येते, तर मोटार खळ्यात आणि हे नि चिमा पडवीत समोरासमोर. मला बघून दोघं गप्प. आता कळलं.

मला हेवा वाटतो. लिहायला लाज कसली? ती मुलगी यांच्याशी बोलते तेव्हा माझ्या छातीत निखारा ठेवल्यासारखं होतं. यांनी मला कधी दहा शब्द एका दमात सांगितले नाहीत. तिच्याशी तासभर काय बोलतात?

२० फेब्रुवारी

यांनी विहिरीच्या पंपाचा जस्त चढवलेला जुना पाइप धुरांड्याला जोडायला घेतला. झाळताना पांढरा धूर निघाला, तो छातीत गेला. संध्याकाळी हुडहुडी भरली. महिपत म्हणाला, जस्ताचा धूर लागतो असा, उद्या बरं वाटेल, दूध द्या.

मी गोधडी घातली आणि दूध तापवून आणलं. बघते तो चिमाही पेला घेऊन उभी. यांनी आधी माझा घेतला. मग तिचाही प्यायले. तो दुसरा पेला पिण्याची काय गरज होती?

५ मार्च

आज मला म्हणाले, सरकारी डॉक्टरांना एकदा दाखवून येऊ. मी म्हटलं, मला काय झालंय? ताप जाऊन महिने झाले. पुन्हा पुन्हा म्हणायला लागले तेव्हा माझं डोकं फिरलं. "बायको आजारी ठरली की दुसरी करायला मोकळे, व्हय ना?" असं तोंडावर म्हटलं. हे उठून गेले. जेवले नाहीत. मीही जेवले नाही. चिमा दोनदा ताट झाकून ठेवून गेली.

२० मार्च

शिमगा. पालखी आमच्या खळ्यात आली. मी ओटी भरली आणि यांच्या नावाने नारळ दिला. देवीला काय मागितलं ते इथे लिहीत नाही.

ढोलवाले या वर्षी कोण आणलेत? हात नुसते वरखाली, आणि वाजतंय ते खाडीपलीकडे वाजल्यासारखं. दरवर्षी छातीत धडधड व्हायची. मी गोदूबाईला म्हटलं, ढोल मेलेले वाटतात गो. तिने एक कान हाताने झाकून घेतला होता. माझ्याकडे अशी बघितली जशी मी काही वेडंवाकडं बोलले.

२८ मार्च

आज जे डोळ्यांनी बघितलं ते कुणाला सांगू?

दुपारनंतर मी गोदूबाईकडे कुळीथ द्यायला गेले होते. परत येताना मागच्या दाराने आले. स्वयंपाकघरात, माझ्या चुलीपुढे, माझ्या पाटावर चिमा बसलेली. कानांत कापसाचे बोळे कोंबलेले आणि वरून फडकं घट्ट बांधलेलं. डोळे मिटलेले. मी दारातच थांबले. बराच वेळ ती तशीच. मग एकाएकी डोळे उघडले, हसली आणि उठून पुढच्या दाराकडे धावली. मी मागोमाग. पडवीत उभी राहून ती दोन्ही हात वर करून हलवत होती. वळणावर फणसाखाली आमची मोटार उभी, आणि हे बाहेर डोकं काढून हात हलवत होते.

या वेळेला हे घरी कसे? आणि ही माझ्या जागेवर बसून, माझ्या दारातून यांना खुणा करते?

"काय चाललंय गो?" म्हटलं. तिचं तोंड लाल झालं. फडकं सोडलं, कापूस काढला आणि सावकाश म्हणाली, "कान ठणकत होता, वयनी."

कान ठणकत होता तर नाचत कशाला होती? मी पाट धुऊन घेतला. दोनदा धुतला.

३१ मार्च

मोटारीला आता दागिना आलाय. कुणाचा तरी मोडका फोनो होता, त्याचा कर्णा यांनी आणला. कापला, ठोकला, धुरांड्याच्या शेपटाला झाळून लावला. फुलासारखा उघडा. आवाज आत ओढून घेणारं काहीतरी असावं, मला काय कळतंय. महिपतला विचारायचं मी सोडलंय.

दोन दिवस त्या कर्ण्याच्या सांध्यावर हे मान मोडून बसले होते. झाळ घालायची, पाणी ओतून बघायचं, गळतं का, पुन्हा घासायचं. चिमा चिमटा धरून शेजारी. तोंडाला काळं लागलं तर पदराने पुसायला निघाली. मी तिथेच होते. माझ्याकडे बघून तिने हात मागे घेतला. माझ्यासाठी यांनी आजवर असं मान मोडून काय केलंय?

४ एप्रिल

पाडवा. गुढी उभारली. कडुलिंब खाल्ला. सणासुदीला मोटार बंद ठेवा म्हटलं, ऐकलं नाही. उतारूंना घेऊन गेले.

संध्याकाळी मी श्रीखंडाचं भांडं घासत होते. एकदम वाटलं, लांब कुठेतरी गडगडतंय. चैत्रात गडगडतं कसं? मग ओळखलं. दोनदा, आणि दम. दोनदा, आणि दम. आमचीच! माझे हात राखेने भरलेले, तशीच दारात गेले.

मोटार खळ्यात शिरली. यांनी मला दारात बघितलं. मान हलवायची विसरले. तसेच बघत राहिले. मग उडी मारून खाली आले आणि पदराने तोंड पुसावं तसं यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. डोळे ओले होते. इतकी वर्षं मी दारात उभी राहिले, यांच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. एक क्षणभरच. मागे वळून बघते तो चिमा उभी. टाळ्या वाजवत होती, आणि तिच्याही डोळ्यांत पाणी. हे माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघून हसले.

मग त्या पाण्यातलं माझ्या वाट्याचं किती आणि तिच्या वाट्याचं किती?

७ एप्रिल

गोदूबाई भांडायला आली. "तुज्या घोवाला सांग, मोटारीनं कानठळ्या बसतात! माजी म्हैस आटली!" मी म्हटलं, आमची मोटार आता कुठे जरा ऐकू यायला लागलीय, एवढा नखरा कशाला? ती कपाळावर हात मारून गेली. सासूबाईही हल्ली मोटार आली की कान झाकून आत जातात. सगळ्यांना एकाएकी नाजूक व्हायचं झालंय.

मी मात्र चार दिवस झाले रोज दारात असते. हे मान हलवतात. चिमा काय करते त्याकडे मी बघत नाही असं ठरवलंय, पण बघते.

१६ एप्रिल

हातखंब्याला आमच्या मोटारीने बैल बुजले. गाडी चरात गेली. माणसं वाचली, एका बैलाचा पाय गेला. फौजदार घरी आला होता. पडवीत बसून मोठमोठ्याने बोलत होता, तरी निम्मं कळलं नाही. एवढं कळलं, डबा होता तसा परत बसवा, नाहीतर मोटार रस्त्यावर आणू देणार नाही.

यांनी आज कर्णा कापला. जुना डबा पुन्हा झाळला. फुलासारखा तो कर्णा गोठ्यापाशी पडलाय. मला त्याचं का वाईट वाटावं, कळत नाही.

२२ एप्रिल

मोटार पुन्हा मुकी. गेले सहा दिवस हे येतात आणि मी चुलीपाशी असते. खांद्यावर हात पडला की दचकते. फौजदाराने सांगितलं ते निमित्तच झालं. यांना हेच हवं होतं.

आज दुपारी पुन्हा दोघं पडवीत. हे कपाळाला हात लावून बसलेले आणि ती समजूत घालत होती. समजूत घालायला मी मेले होते का? मी पुढे गेले तशी ती उठून आत गेली.

यांना सांगितलं, मला हर्ण्याला माहेरी जायचं आहे. आगबोटीवर बसवून द्या. हे नको म्हणाले नाहीत. "नको" एवढा एक शब्द म्हणाले असते तर मी राहिले असते.

२५ एप्रिल

डाव्या हाताने लिहिते. उजवा भाजला.

मोटार बंद आहे असं समजून मी धुरांड्याला हात घातला. बंद नव्हती. चालू होती.

हर्ण्याला गेले नाही.

१० मे

आता मूठ मिटते. लिहायला बसले.

त्या दिवशी ट्रंक भरली, सासूबाईंच्या पाया पडले आणि खळ्यात आले. हे आपल्या जागेवर पुढे बघत बसले होते. महिपतने ट्रंक चढवली. मला वाटलं, मी बसेपर्यंत मोटार सुरू करायची नाही असं ठरवलंय, तेवढी तरी गय करतायत. मग खालचा तो डबा दिसला, नव्या झाळीची शिवण असलेला. याच्यापायी माझा संसार गेला असं वाटलं. वाकले आणि मागचा नळा धरून हिसडला.

भाजलं ते नंतर कळलं. आधी हे कळलं की तो नळा माझ्या मुठीत थरथरतोय, जिवंत कोंबडी धरावी तसा.

यांनी उडी मारली. चिमाने कोरफड चिरून आणली. सगळ्यांची तोंडं हलत होती. महिपतचा गळा तेवढा येत होता, तोही पाण्याखालून बोलल्यासारखा. मी डावा हात मोटारीच्या बॉनेटवर ठेवला. सगळं बॉनेट थडथडत होतं. मी यांना विचारलं, "मोटार चालू हाय?"

हे खाली वाकले. मग माझ्या कानाशी तोंड आणून, जन्मात कधी बोलले नव्हते एवढ्या मोठ्याने बोलले, "चालू हाय गो. मगाधरना चालू हाय."

रातकिडे या वर्षी जास्त नाहीत. ते माझ्याच कानात आहेत.

मी ओटीवर बसले. खूप रडले. हे शेजारी बसून होते. सगळ्यांसमोर शेजारी बसायची आमच्याकडे रीत नाही, तरी बसले. मी विचारलं, कधीपासून माहीत होतं? म्हणाले, "जानेवारीत. तू दारात नव्हतीस." मग सांगितलं का नाही? तर म्हणाले, "तू मान खाली घालून फिरली असतीस. ता मला बघवला नसता. आनी आयेच्या हाती आयताच कोलीत."

मला मोटार ऐकवायची, मी पूर्वीसारखी दारात येऊन उभी राहायची, की झालं. मग कुणाला काही कळायचं कारण नाही. मलासुद्धा नाही. एवढ्यासाठी ते नळकांडं, तो गॅस, तो कर्णा. चिमाला चुलीपुढे बसवून कानांत कापूस घातला तो, माझ्या कानांना तिथवर काय ऐकू येईल हे बघायला. ती पहिल्याच दिवशी ओळखून चुकली होती. ती कोपराला हात लावायची तेव्हा मागे सासूबाई हाका मारत असायच्या.

मागची पानं उलटून बघणार होते. दोन पानं बघितली आणि मिटली.

यांनी त्याच दिवशी आईला सांगून टाकलं. माझ्यासमोरच बोलले, पण मला कळलं नाही. चिमाने मग समोर बसून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "भैऱ्या बायकोशी जल्मभर बोलशील कसा?" हे म्हणाले, "मोठ्यान बोलेन."

सासूबाई आता समोर येऊन ओरडून बोलतात. पूर्वीही ओरडतच असाव्यात.

सरकारी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, कोयनेल फार झालं की असं होतं. कधी सुटतं, कधी नाही. महिपत शेजारी उभा राहून मला मोठ्याने सांगत होता, त्यामुळे दवाखान्यातल्या सगळ्यांनाच कळलं.

चिमा अक्षय्यतृतीयेनंतर परत गेली. जाताना म्हणाली, "दादाला मी दादाच म्हनत आलंय, वयनी. आत्येला पयल्याच दिवशी सांगितला होता." मी तिला माझी हिरवी चोळी दिली. तिचा हेवा गेला का? खरं लिहायचं तर नाही. आधी ती यांना नेईल म्हणून वाटायचा. आता तिला आमची मोटार सड्यावरून ऐकू येते म्हणून वाटतो. गोदूबाईचाही वाटतो. तिच्या म्हशीचासुद्धा.

२९ मे

पावसाळ्यापुरत्या आगबोटी बंद झाल्या. सावर्ड्याची खेपही आता बंद होईल, रस्ता चिखलाचा झाला की. तोवर रोज चालू आहे.

यांनी आशा सोडलेली नाही. डब्याला मागून बारीक भोकं पाडतात. बैल बुजणार नाहीत, फौजदाराला कळणार नाही इतकी. आवाज पुरला नाही की झाळून बुजवतात आणि दुसरीकडे पाडतात. मला मोटारीचं काहीही ऐकू येत नाही. पाडव्याला आलं तेवढंसुद्धा नाही.

पण भुऱ्या पायरीवर निजलेला असतो. मोटार सड्यावर आली की आधी त्याचा एक कान उभा राहतो. मग दुसरा. मग तो उठतो. तो उठला की मी आधण ठेवते. तो पडवी उतरला की मी दारात. एवढ्याशा कुत्र्याचा हेवा करायचा नाही असं रोज ठरवते.

आज मोटार खळ्यात आली तेव्हा यांच्या तोंडाला काळं होतं. सावर्ड्याला थांबून आणखी एक भोक पाडलेलं असणार. जागेवरूनच, बोट कानाला लावून, मला विचारलं, "आली काय ऐकू?" डोळे पाडव्याला होते तसे.

मी मोठ्याने म्हटलं, "व्हय तर. कुवारबावपासना."

यांनी मान हलवली. मग मोटार बंद केली. भुऱ्या खाली बसला, त्यावरून कळलं.